मागच्या सीटवरचे आप्पा

अंबडच्या आमच्या कारखान्यात मोपेडवरून येणारे पुष्कळ होते, पण मोपेडच्या मागच्या सीटवर बसून येणारा आणि ज्याला रोज बायको आणून सोडते असा माणूस एकच होता. यशवंत बच्छाव, मेन्टेनन्स खात्यातले फिटर. त्यांना सगळे आप्पा म्हणत. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या जरा आधी एक हिरवी मोपेड गेटपाशी येई. पुढे विमलवहिनी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मागे आप्पा, मांडीवर डबा आणि चेहऱ्यावर वरातीत निघालेल्या नवरदेवाचं समाधान. संध्याकाळी वहिनी परत न्यायला यायच्या. निघताना मान न वळवता एकच प्रश्न विचारायच्या, "बसनात का?" दोघंही सटाण्याकडचे, घरात अहिराणी. बसनात का म्हणजे बसलात का. आप्पा म्हणायचे, "बसनू." मग गाडी हलायची. हा संवाद झाल्याशिवाय ती मोपेड कधी जागची हललेली मी पाहिली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. बायकोच्या मागे बसून कामावर येणाऱ्या नवऱ्याला गेटवरच्या टोळक्याने सोडलं असतं तरच नवल. "आप्पा, लायसन कुणाच्या नावावर आहे?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगायचे, "ज्याला चालवता येते त्याच्या." पुढे चिडवण्यासारखं काही उरायचंच नाही.

गंमत म्हणजे ती मोपेड आप्पांनीच बनवली होती. दोन भंगारातल्या गाड्या आणून त्यांतून एक उभी केली होती. कारखान्यात कुठलंही मशीन आजारी पडलं की आप्पांना बोलावणं जायचं. पण चालवायचं म्हटलं की हात वर. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मी हँडल धरलं की कान इंजिनाकडे जातात. मग रस्त्याकडे बघायला कुणी उरत नाही." हे त्यांनी एकदा प्रयोग करून सिद्धही केलं होतं. त्रिमूर्ती चौकाजवळ त्यांना चालत्या गाडीत कसलीतरी टिकटिक ऐकू आली. ती कुठून येते हे बघायला ते खाली वाकले आणि थेट एका फ्लॉवरच्या हातगाडीत शिरले. भाजीवाला शिव्या देत होता. फ्लॉवरच्या गड्ड्यांत उताणे पडलेले आप्पा त्याला म्हणाले, "चेनच ढिली आहे." त्या दिवसापासून ते मागे बसले ते बसलेच.

आप्पांचं आणखी एक तत्त्व होतं. तयार वस्तू घ्यायची नाही. घेतली तर आधी उघडून बघायची. "आधी उघडून बघू" हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून किती वेळा यायचं ते त्यांनाच ठाऊक. माझ्या घरभरणीला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही आधी स्वतः उघडून, तेल घालून, एक स्क्रू बदलून. मी म्हटलं, आप्पा, नवं होतं ना? त्यांना माझी कीव आली. "दुकानदाराने दिलं तसंच उचलून द्यायचं, तर मी काय हमाल आहे?" ते घड्याळ माझ्याकडे अजून चालू आहे. दाराची घंटा, मिक्सर, पाण्याच्या टाकीचा पंप, त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात दुसऱ्याच एखाद्या वस्तूचं काळीज बसवलेलं असायचं. कुणी शंका काढली की दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "जमी जाई." आणि बहुतेक वेळा जमून जायचं. उरलेल्या वेळा फ्यूज उडायचा.

मी टाइम ऑफिसात कारकून, आणि स्वभावाने पक्का तयार वस्तूंचा माणूस. खोक्यातून काढायचं, बटण दाबायचं, चाललं तर वापरायचं, नाही चाललं तर दुकानदाराच्या डोक्यावर बसायचं. सिडकोत आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे आप्पा आणि मी अशी विजोड जोडी जमली होती.

मग दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी विमलवहिनींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. गल्लीतल्या अर्ध्या बायकांना ज्या बाईने मोपेड शिकवली, ती काठी धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत जायला लागली. बोललेलं लोकांना कळत नाही म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं. लेक सिन्नरला दिलेली होती. ती म्हणाली, माझ्याकडे चला. वहिनींनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मोपेड अंगणात ताडपत्रीखाली गेली. आप्पा शेअर रिक्षाने कामावर यायला लागले. रिक्षात ते मांडीवर डबा घेऊन अगदी कडेला बसायचे आणि गेटवर उतरल्यावर क्षणभर तिथंच उभे राहायचे. त्यांना तसं बघून मला वाईट वाटायचं.

त्या वर्षी संक्रांतीला ते वहिनींना हाताला धरून आमच्याकडे तिळगुळाला घेऊन आले. मी नुकताच कंप्युटर घेतला होता. कौतुकाने त्यावरचा मोटारसायकलींचा गेम लावून दाखवला. तयार खोक्यातला साधा कंप्युटर तो, गेम चालायचा पण मध्येच चित्र अडकायचं, पुन्हा धावायचं. वहिनी थोडा वेळ टक लावून बघत होत्या, मग त्यांना गरगरल्यासारखं झालं आणि त्यांनी डोळे मिटले. मी घाईघाईने बंद केला. आप्पांनी मात्र वेगळंच विचारलं. "सुधीर, हे चित्र अडखळतं कशाने?"

मी ऐकीव ज्ञानावर सांगितलं की गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते चित्र काढण्याचं काम करतं, ते महाग असतं. आप्पांनी माझ्या कंप्युटरकडे बघितलं. मला पुढचं वाक्य माहीत होतं.

"आधी उघडून बघू."

मी उघडू दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी जाहीर केलं की ते गेम खेळायचा कंप्युटर बनवणार. घरखर्चाला हात लावायचा नाही, वहिनींच्या औषधाला तर नाहीच. ओव्हरटाइमचे पैसे मिळतील तेवढ्यात, एकेक भाग घेऊन. आणि अट एकच. चित्र अडखळता कामा नये.

आप्पा उठून गेल्यावर कॅन्टीनला तोंड फुटलं. बायकोची ही अवस्था आणि ह्याला गेम सुचतोय, असं एकजण म्हणाला. पन्नाशी उलटल्यावर डोक्यावर परिणाम होतो, असं दुसऱ्याने सांगितलं. घरी आमच्या हिनेही तेच मत दिलं, फक्त शब्द जरा सौम्य वापरले. मी आप्पांच्या बाजूने बोललो, पण काय बोलायचं ते मलाही नीट कळत नव्हतं.

माझ्याकडे कंप्युटर आहे एवढ्या भांडवलावर आप्पांनी मला तज्ज्ञ नेमलं. रविवारी आम्ही दुकानं पालथी घालायला निघायचो. दुकानदार काटकसरीच्या गिऱ्हाइकाला विचारतो, किती स्टोरेज हवी, सीडी लिहिणारा ड्राइव्ह हवा का. आप्पा उलटं विचारायचे, "ह्यातलं काय काढून टाकलं तर चित्राला फरक पडणार नाही?" असं एकेक काढत गेल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसूही निघून जायचं. स्पीकर नको, जुन्या टेपरेकॉर्डरचा आहे. नवा मॉनिटर नको, एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला घेऊ. मदरबोर्ड चांगला हवा, पण त्याचं रंगीत खोकं नको, त्याचे पैसे कमी करा.

कॅबिनेटसाठी, म्हणजे हे सगळं बसवायच्या पेटीसाठी, तर ते मला लिंक रोडच्या भंगार बाजारात घेऊन गेले. तिथं त्यांनी पिठाच्या गिरणीचा लोखंडी पॅनेल बॉक्स निवडला. दारावर कवटी, तिच्याखाली दोन हाडं आणि लाल अक्षरांत 'खतरा'. मी म्हटलं, आप्पा, निदान ही कवटी खरवडून काढू. ते म्हणाले, "राहू दे. कुणी हात लावणार नाही." पुढे शहरातल्या हौशी पोरांनी असल्या कवट्या मुद्दाम पैसे देऊन चिकटवून घेतलेल्या मी पाहिल्या, तेव्हा मला आप्पांची आठवण झाली.

चुकाही झाल्या. प्रोसेसरवर पंखा बसवताना मध्ये पांढरी पेस्ट लावतात. मोहरीएवढी लावा, असं दुकानदाराने बजावलं होतं. आप्पांनी सगळी ट्यूब पिळली. चारही बाजूंनी पेस्ट अशी बाहेर आली की प्रोसेसर दाढीला बसल्यासारखा दिसायला लागला. मी ओरडलो. "ग्रीस कमी पडून बेअरिंग गेलेलं मी शंभरदा पाहिलंय," आप्पा म्हणाले, "जास्त पडून गेलेलं एकदाही नाही." मग बनियनच्या चिंधीने निम्मी पुसली. ते तसंच चाललं.

सगळीकडे अशी काटकसर करणारे आप्पा ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत एकदम बदलले. पावसाळा संपत आला तेव्हा ओव्हरटाइमचे साठवलेले पैसे घेऊन आम्ही गंगापूर रोडच्या एका दुकानात गेलो. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने समजावलं की काका, घरी वापरायला ह्याच्या अर्ध्या किमतीचंही पुरेल. आप्पांनी त्याला विचारलं, "अडखळेल?"

"थोडंफार. चालवून घ्यायचं."

"मग नको. हेच द्या."

आणि त्यांनी कार्ड उघडूनसुद्धा बघितलं नाही. खोक्यासकट मांडीवर घेऊन, डब्यासारखंच दोन्ही हातांनी धरून, ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. मी सवयीने किक मारली, गिअर टाकला आणि निघालो. थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "सुधीर, आधी विचारायचं असतं."

कार्ड बसलं आणि चित्र खरोखर सुरळीत धावायला लागलं. पण आप्पांची खात्री पटेना. रोज संध्याकाळी मी कीबोर्डवर तो मोटारसायकलींचा गेम खेळायचा आणि आप्पांनी पडद्याला नाक लावून बसायचं. "पुन्हा त्या वळणावरून जा. तिथं जरा अडलं." मी पुन्हा जायचो. "आता पुलावरून." मी शर्यतीत शेवटचा यायचो, त्याचं त्यांना काही नव्हतं. तुम्ही खेळून बघा म्हटलं तर मागे सरकायचे. "मला कुठं चालवता येते?" म्हणायचे. माणूस इतके महिने राबून गेमचा कंप्युटर बनवतो आणि स्वतः त्याला हात लावत नाही, हे कोडं मला सुटत नव्हतं. वहिनी आतल्या खोलीत असायच्या. त्यांना अजून दाखवायचं नाही, अशी आप्पांची सक्त ताकीद होती.

त्याच दिवसांत एकदा त्यांच्या अंगणातून जाताना मला ताडपत्री खाली बसल्यासारखी दिसली. उचलून बघितलं तर मोपेडला हँडलच नव्हतं. कार्डाच्या पायी ह्यांनी वहिनींची गाडी सुट्या भागांत विकायला काढली की काय? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला आप्पांचा राग आला. सरळ आत जाऊन विचारलं, हँडल कुठं गेलं? ते सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "लागत होतं." मी त्या दिवशी चहा न घेता परतलो.

खंडेनवमीला मात्र बोलावणं आलंच. त्या दिवशी कारखान्यात आम्ही लेथला, प्रेसला झेंडूच्या माळा घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. पूजा झाल्याशिवाय नवं मशीन कामाला लावायचं नाही, हा आप्पांचा नियम. चाचणी वेगळी आणि चालवणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी मी गेलो. बाहेरच्या खोलीत टेबलावर पडदा, शेजारी कवटीचा बॉक्स, दार उघडं ठेवलेलं, आतलं सगळं दिसावं म्हणून. टेबलाच्या कडेला काहीतरी चादरीखाली झाकलेलं होतं.

आप्पांनी वहिनींना आणून खुर्चीवर बसवलं आणि पूजेचं ताट पुढे केलं. "तूच कर," म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. आजारपणानंतर पूजा तर सोडाच, त्यांनी देवासमोर दिवासुद्धा लावला नव्हता. त्यांनी उजव्या हाताने फूल उचललं. मग हळद वाहिली. मग कुंकू घेतलं, आणि कारखान्यात मशीनला वाहतात तसं सढळ हाताने, चिमूट भरभरून त्या बॉक्सच्या उघड्या पोटात सोडलं. थोडं मदरबोर्डवर पडलं, बरंच कार्डावर.

मी आप्पांकडे बघितलं. ह्या बॉक्सजवळ मला ते हात धुतल्याशिवाय फिरकू देत नव्हते. त्यांनी तोंड उघडलं होतं. वहिनींनी दुसरी चिमूट घेतली. त्यांचा चेहरा मन लावून काम करणाऱ्या माणसाचा झाला होता. आप्पांनी तोंड मिटलं आणि ताट आणखी जवळ धरलं.

नारळ बाहेर फोडला. आप्पांनी बटण दाबलं. पंखा फिरला आणि बॉक्समधून कुंकवाचा एक लालभडक फवारा उडून माझ्या शर्टावर आला. पडद्यावर क्षणभर रेघा दिसल्या आणि सगळं काळं झालं.

वहिनींनी हात मागे घेतला. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकला, जड आणि तुटक. "मन्हामुळे बिघडनं का?" माझ्यामुळे बिघडलं का, असं विचारत होत्या. डोळे भरून आले होते.

"नाही गं," आप्पा म्हणाले. "माझाच एक स्क्रू ढिला राहिला."

ज्या माणसाने आयुष्यात ढिला स्क्रू कबूल केला नाही, त्याने तो त्या संध्याकाळी माझ्यादेखत कबूल केला. मग दाढीच्या ब्रशने त्यांनी एकेक भाग झाडला, कार्ड काढून त्याची सोनेरी कडा खोडरबराने घासली. मी टॉर्च धरून उभा होतो. इतक्या महिन्यांचा ओव्हरटाइम त्या कडेवर लाल होऊन बसला होता आणि आप्पा बायकोला ऐकू जाईल अशा बेताने पुन्हा पुन्हा त्या स्क्रूला नावं ठेवत होते. कार्ड परत बसवताना "जमी जाई" म्हणाले, पण फार हळू म्हणाले.

पडदा उजळला. गेम सुरू झाला. मग आप्पांनी ती चादर काढली.

टेबलाला घट्ट आवळून बसवलेलं हिरव्या मोपेडचं हँडल होतं. त्यातून वायरी निघून बॉक्समध्ये गेल्या होत्या. उजव्या मुठीचा ॲक्सिलरेटर तसाच फिरत होता, तसाच परत येत होता. डाव्या मुठीवर मऊ कापडाचा पट्टा शिवला होता. आप्पांनी वहिनींचा लुळा हात उचलून मुठीवर ठेवला आणि पट्टा बांधला. बांधता बांधता मला म्हणाले, "संक्रांतीला तू हे खेळत होतास तेव्हा तू पडद्याकडे बघत होतास. मी हिच्या हाताकडे बघत होतो. उजवी मूठ आपोआप पिळत होती, साडीच्या निऱ्या धरून. मग चित्र अडकलं, हिला गरगरलं आणि मूठ सुटली."

मी हातातला टॉर्च विझवला.

वहिनींनी मूठ जरा पिळून बघितली. पडद्यावरची गाडी गुरगुरली. बाकीच्या मोटारसायकली शर्यत सुटल्यासुटल्या दिसेनाशा झाल्या होत्या. वहिनींना त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या थांबून होत्या. मी म्हटलं, वहिनी, चालवा ना. त्यांनी ऐकलं नाही. मान न वळवता, जड जिभेने, पण स्पष्ट विचारलं,

"बसनात का?"

आप्पा बॉक्सजवळ उभे होते. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं. मला वाटलं, वहिनींच्या शेजारी ठेवतील. त्यांनी ते खुर्चीच्या बरोबर मागे ठेवलं, पूजेचं ताट मांडीवर घेतलं आणि बसले.

"बसनू."

गाडी निघाली. रस्त्याच्या डाव्या कडेने, बेताच्या वेगाने, वळणापूर्वी सावकाश होत. हँडल वळलं की वहिनींचा डावा हातही त्याच्याबरोबर वळत होता. चित्र एकदाही अडखळलं नाही. वळण आलं की आप्पा मागे जरासे कलत होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की वहिनींच्या पाठीमुळे त्यांना पडदा मुळीच दिसत नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, बाजूला सरकून बसा. इतका खटाटोप केलात आणि तुम्हालाच काही दिसत नाही."

"इतकी वर्षं अंबडला असाच तर गेलो," आप्पा म्हणाले, आणि ताट दोन्ही हातांनी नीट धरून बसले.